मतभेदांचा तक्ता आणि आत्याचं नाक

भांडणं मोजायचा मला पगार मिळत होता, असं सांगितलं तर आज कुणाला खरं वाटत नाही. पण एकोणीसशे ऐंशीच्या आसपास मी पौडला खोली घेऊन राहिले आणि वर्षभर हेच केलं. खरं सांगते, त्याच्याइतकं मजेचं काम मला पुढे कधी मिळालं नाही.

मानसशास्त्रात एम.ए. झाले होते आणि घरात लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. पुण्यात आम्हाला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचं म्हणणं असं, की माणसांचा गट कसा आहे हे त्यातली माणसं किती सारखी आहेत यावरून कळत नाही. ती वेगळी निघाली की गट काय करतो, त्यावरून कळतं. ते मोजायला त्यांनी एक तक्ता बनवला होता. गटात मतभेद निघाला, की त्याचं पुढे काय झालं ते बघायचं आणि त्या कप्प्यात रेघ ओढायची. दाबून टाकला, हसण्यावारी नेला, भांडण झालं, मोठ्या माणसाने निकाल दिला, नाहीतर आपापसांत बोलून सुटला. कडेला शेऱ्यासाठी रिकामी जागा. बाईंना एक गट उपचाराचा हवा होता, जिथे माणसं बरं व्हायला जमतात, आणि एक कामाचा, जिथे घाम गाळायला जमतात. दोन्ही मुळशीत मिळतील असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि माझी वळकटी एसटीच्या टपावर चढली. "दारुड्यांच्यात बसायला एम.ए. झालीस का?" असं आई स्टँडवर सगळ्यांच्या देखत म्हणाली. मी खिडकीतून तोंड आत घेतलं.

उपचाराचा गट म्हणजे आईने म्हटल्याप्रमाणे दारुड्यांचाच होता. पौडला एक छोटा दवाखाना होता, त्याच्या मागच्या खोलीत बाजाराच्या दिवशी दारू सोडू पाहणारी माणसं गोल करून बसायची. गट चालवणारा डॉक्टर तरुण होता आणि इतका गोड, की त्याच्यासमोर कुणाला कुणाशी भांडायची लाजच वाटावी. कुणी काही बोललं की तो मान हलवायचा. मग सगळे मान हलवायचे. मी कोपऱ्यात तक्ता मांडीवर घेऊन बसायचे आणि "दाबून टाकला" या कप्प्यात रेघा ओढायचे. तिथे मतभेद निघायच्या आधीच त्याला पाणी पाजून निजवत असत.

कामाचा गट मात्र माझ्या मनासारखा मिळाला. पौडपासून वर चढून गेलं की एक वाडी होती, सगळी शेतकरी मराठ्यांची घरं. तिथे भातलावणीला सावड असायची. सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात लावायचं, उद्या माझ्या, परवा तिच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. सावडीची मुखत्यार एक म्हातारी होती. वाडीतल्या निम्म्या लोकांची ती खरोखरची आत्या आणि उरलेल्यांची मानलेली, म्हणून मीही आत्याच म्हणायला लागले. चणीने एवढीशी, पण आवाज खालच्या रस्त्यावर ऐकू जायचा. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तू काय करनार हितं?" मी म्हटलं, तुम्ही कसं भांडता ते लिहिणार. तिने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "मग कागद लई आन."

हे दोन गट एकमेकांना कधी भेटतील असं बाईंनाही वाटलं नव्हतं. ते भेटले एका माणसामुळे. त्याला सगळे पैलवान म्हणत, कारण तरुणपणी तो जत्रेतल्या कुस्त्या मारायचा. नंतर तो बाटलीशी कुस्ती खेळायला लागला आणि बाटलीने त्याला चितपट केलं. वाडीतच त्याचं घर आणि दोन खाचरं. आदल्या वर्षी त्याने सावडीकडून स्वतःचं रान पहिलं लावून घेतलं आणि फेडीच्या दिवसांना गुत्त्यावर जाऊन बसला. सावड मोडणं हे त्या वाडीत चोरीपेक्षा वाईट. त्याला सावडीतून काढून टाकलं.

आता मात्र त्याने दारू सोडली होती. पावसाळ्याच्या तोंडाला दवाखान्यातल्या गटात तो म्हणाला, "औंदा सावडीत घ्यायला पायजेल मला." त्याची बायको त्या दिवशी बरोबर आली होती, दाराशी बसली होती. कडक बाई. ती तिथूनच बोलली, "न्हाई घेतलं तर रान दिराकडं वाट्यानं जानार. आन रान गेलं की हा मानूस पुन्यांदा गुत्त्यावर जानार. मला ठावं हाय." त्याला दारूपासून लांब ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे स्वतःच्या हाताने लावलेलं स्वतःचं रान, हे तिला ठाऊक होतं आणि त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कळलं.

डॉक्टरने मान हलवली. "घेतील, नक्की घेतील," तो म्हणाला. मग एकेकाने री ओढली. घेतील की, का न्हाई घेनार, देव बघतोय. मी पेन्सिल "दाबून टाकला"कडे नेली.

तेवढ्यात गवंडी बोलला. हा पौडच्याच बौद्ध वस्तीतला, हाताचा चांगला कारागीर. एकदा प्यालेला असताना परांचीवरून खाली आला होता आणि तेव्हापासून एक खांदा तिरका होता. महिनोन्महिने तो त्या खोलीत गप्प बसलेला मी पाहिला होता. तो म्हणाला, "न्हाई घेनार. मी असतो तर मी बी घेतलं नसतं."

पैलवान ताडकन उठला. "तुला इचारलं का?"

"न्हाई इचारलंस. पर हे समदे तुला खोटं सांगत्यात. मानसाचा दिस बुडवलास तू. चिखलात वाकून दिलेला दिस. त्यो काय डाक्टरनं मान हलवून भरून येतुया?"

पुढचं मी तक्त्यावर लिहूसुद्धा शकले नाही, इतकी खोली हलली. पैलवानाने खुर्ची लाथाडली, शिव्या दिल्या आणि बायकोला घेऊन निघून गेला. डॉक्टरच्या तोंडावरचा रंग उडाला. "गट मोडला," तो मला नंतर म्हणाला, आणि मलाही तसंच वाटलं. मी घाबरून दुसऱ्याच दिवशी पुण्याला बाईंकडे गेले. बाईंनी तक्ता पाहिला. "दाबून टाकला"मधल्या रेघांच्या लांबलचक रांगेशेजारी "भांडण झालं" या कप्प्यात एकच, पहिलीवहिली रेघ होती. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि चक्क हसल्या.

"इतके महिने मी हिची वाट बघत होते," म्हणाल्या. "आता त्यांच्यात कुणीतरी कुणाचं तरी काहीतरी लागतं. जा परत, आणि नीट बघ."

बाईंचं खरं निघालं. वाडीत पैलवान आत्यापुढे जाऊन उभा राहिला तेव्हा तिने त्याला गवंड्याच्याच शब्दांत हाकललं होतं, म्हणजे जवळजवळ त्याच. तिच्या शिव्या जास्त चांगल्या होत्या. पण सावडीत एक जुनी चाल होती. सावड मोडलेल्याला परत यायचं तर जामीन लागायचा. कागदाचा नाही, अंगाचा. लावणीला सगळे ओळीने उभे राहतात आणि मागे सरकत सरकत रोपं टोचत जातात. एकेकाच्या वाट्याला येईल तेवढी पट्टी म्हणजे त्याची पात. जामिनाने मोडणाऱ्याच्या शेजारची पात धरायची. तो आला नाही, बसला, पळाला, तर त्याचीही पात जामिनाने लावायची. पैलवानाला वाडीत कुणी जामीन मिळेना. सख्ख्या भावानेही नाही म्हटलं, आणि त्याचा हिशेब तर उघडच होता.

पुढच्या बाजाराला पैलवान गटात आला, ही पहिली नवलाची गोष्ट. दुसरी म्हणजे तो थेट गवंड्यासमोर जाऊन बसला आणि म्हणाला, "तू म्हनालास तसंच झालं."

"व्हय," गवंडी म्हणाला. तिरका खांदा चोळला आणि मग, "जामीन वाडीतलाच पायजे असं हाय का?"

तसं काही नव्हतं. बाहेरचा कुणी येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, म्हणून तसा नियम कुणी केला नव्हता. आता आला, आणि तो बौद्ध वस्तीतला. वाडीत जी काही जुंपली ती मी बांधावर छत्री धरून लिहून घेतली. कागद खरोखरच लई लागला. "त्यांची सावड त्यांच्याकडं, आमची आमच्याकडं," असं दोघी-चौघी म्हणाल्या. कुणी म्हणालं, हा बी पिनाराच, आंधळ्याला आंधळा जामीन. आत्या सगळं ऐकून घेत बसली होती. शेवटी तिने गवंड्याला एकच विचारलं, "लावता येतं का?"

"आईसंगं लावलंय."

"मंग ये. पर ह्याचं रान समद्यांत शेवटाला. मदी एक दिस जरी चुकला, तर त्याच्या खाचरात पाय न्हाई टाकनार कोन."

असा सौदा झाला. सगळ्या वाडीचं लावायचं, आणि मग, टिकला तर, पैलवानाचं.

पहिल्या दिवशी दुपारी जेवणाचा प्रश्न उभा राहिला. ज्याचं रान त्याच्याकडे सगळ्यांचं जेवण, ही रीत. गवंड्याने आपली भाकरी फडक्यात बांधून आणली होती आणि तो आपसूकच लांब दगडावर जाऊन बसला. आत्या ओरडली, "पातीला जो, त्यो पंगतीला! पातीपरमानं बसा." सावडीत जसे उभे तसेच जेवायला बसतात, म्हणजे कोण कुठे यावरून भांडण नको. गवंडी उठून पैलवानाच्या शेजारी येऊन बसला. दोन बायका आपापली भाकरी घेऊन उठल्या आणि पाठ करून बांधावर बसल्या. मला त्यांचा भयंकर राग आला, अजून येतो. जेवण झाल्यावर मात्र त्या मुकाट्याने आपल्या जागी येऊन उभ्या राहिल्या, कारण पंगत सोडता येते, पात सोडता येत नाही. आणि ज्या आत्याने त्याला पंगतीत बसवलं, तिने त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं ते तांब्या उंच धरून. बाकीच्यांच्या हातात तांब्या जात होता.

शेऱ्याच्या जागेत मी रागारागाने बरंच काही लिहिलं. बाईंनी वाचून विचारलं, "राग आला हे कळलं. पाणी किती उंचावरून ओतलं?"

मी म्हटलं, "बाई, ते काय महत्त्वाचं?"

"मोजायला गेलीस ना?"

मी हात वर करून दाखवलं, साधारण हातभर. बाईंनी "हातभर" असं शेऱ्यात लिहायला लावलं. मला तेव्हा त्यांचाही राग आला होता. माझा राग तसा सगळ्यांना पुरेल इतका होता.

पुढचे दिवस मात्र, कुणाला आवडो न आवडो, मी फार सुखात घालवले. पाऊस, चिखल, इरली पांघरलेल्या वाकलेल्या पाठी, आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड वादावादी. रोप दाट की विरळ, पाणी सोडायचं की अडवायचं, कुणाच्या सासूचं चुकलं. माझे पाचही कप्पे भराभर भरायचे. पैलवान आणि गवंडी शेजारी शेजारी मागे सरकत असत आणि दिवसभर एकमेकांच्या चुका काढत असत. गवंड्याला रोपं ओळंब्यात हवी असत. "भिंत हाय का ही?" पैलवान म्हणायचा. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात येऊन हेच भांडण पुढे चालू. त्यांचं बघून इतरही तोंड उघडायला लागले. एकाने तर डॉक्टरला सांगितलं, की तुमी मान हलिवता तवा मला प्यावंसं वाटतं. डॉक्टर आधी लाल झाला आणि मग पोट धरून हसला. मी आनंदाने रेघ ओढली.

शेवटून दुसरा दिवस आत्याच्या रानाचा होता. दुसऱ्या दिवशी पैलवानाचं. त्या सकाळी सगळे ओळीला उभे राहिले आणि पैलवान नव्हता.

त्याची बायको होती. "बैल सुटला रातचा, त्यो हुडकाया गेलाय, येतुया," एवढं ती म्हणाली आणि खाली वाकली. कुणी काही बोललं नाही. त्या सावडीत कुणी न बोलण्याचा तो पहिलाच प्रसंग मी पाहत होते, आणि मला दवाखान्यातली जुनी खोली आठवली. गवंड्याने आपली पात धरली, मग शेजारची. एकटा दोन पाती ओढत तो मागे पडत चालला आणि त्याचा तिरका खांदा आणखी तिरका झाला. पैलवानाची बायको मान वर करत नव्हती.

ऊन-पावसाचा खेळ चालला होता, तेव्हा तो वरच्या अंगाने येताना दिसला. हातात बैलाचा कासरा, चिखलाने माखलेला, आणि चाल अशी झोकांड्या खाणारी, की ओळीतल्या प्रत्येकाने एकच ताडलं. मीसुद्धा. बैल ओढत होता म्हणून तो हेलपाटत होता हे नंतर सुचलं, पण तेव्हा नाही.

"बैल पार खालच्या ओढ्यापातूर गेला व्हता," तो म्हणाला.

"खोटं बोलू नगंस!" हे आत्याचं नव्हतं, गवंड्याचं होतं. तो चिखलातून ताठ उभा राहिला होता, डोळ्यांत पाणी आणि तोंडात शिवी. "खरं सांग. पिलास?"

"न्हाई."

"खरं सांग!"

पैलवानाने बैल बांधावरच्या झाडाला बांधला. एकदा सावड मोडलेल्या माणसाच्या शब्दाला किंमत किती, हे त्यालाच सगळ्यांत जास्त माहीत होतं. ओळ थांबली. आत्याने हातातलं रोप खाली टाकलं, पचाक पचाक चिखल तुडवत त्याच्यापुढे गेली आणि म्हणाली, "तोंड उघड."

तेवढा मोठा पैलवान, गुडघ्यांत वाकला आणि लहान पोरासारखा आ करून उभा राहिला. आत्याने नाक पुढे नेलं. एकदा हुंगलं. परत हुंगलं. आम्ही सगळे श्वास धरून.

"कांदा," ती म्हणाली. "लाव."

पैलवानाच्या बायकोने चिखलातच बसकण मारली. पैलवान आपल्या पातीत उतरला. पण गवंडी बाजूला होईना. तो आत्याकडे बघत होता.

"आत्या, माजंबी बघा."

"तुजं कशाला?"

"मी बी त्यातलाच हाय. ह्याचा जामीन मी. माजा जामीन कोन? मला कुनी कदी इचारलंच न्हाई."

पाठ करून जेवणाऱ्या त्या दोघीही बघत होत्या. मग आत्या पुढे झाली. तो उंच, ती एवढीशी. तिने चिखलाच्या हाताने त्याची हनुवटी धरली, तोंड खाली ओढलं आणि हुंगलं. पैलवानाचं हुंगलं होतं तसंच, दोनदा.

"ह्योबी कांदाच," ती ओळीकडे वळून ओरडली. "एकाच घरचा!"

ते खरं होतं. गवंडी पहाटे चालत आला होता आणि पैलवानाच्या बायकोने त्याला न्याहारी दिली होती, भाकरी आणि फोडलेला कांदा. नवऱ्याच्या फडक्यातही तेच बांधून दिलं होतं. ती चिखलात बसल्या बसल्या आधी हसली आणि मग हसता हसता रडली. सगळी ओळ हसायला लागली. आत्याने माझ्याकडे मोर्चा वळवला, "आन तू गं, उबी ऱ्हाऊन लिवतीस काय? ये, तुजंबी हुंगते." मी पळाले.

दुसऱ्या दिवशी पैलवानाची दोन्ही खाचरं लागली. गवंड्याने एका टोकाला उभं राहून एक डोळा मिटून ओळ पाहिली आणि वाकडी आहे म्हणून सांगितलं. त्या ओळीवरून जे भांडण सुरू झालं ते मी पौड सोडेपर्यंत मिटलेलं नव्हतं, आणि पैलवान प्यालेलाही नव्हता.

पुण्याला गेले तेव्हा आत्याच्या रानाच्या तक्त्यावर पाच कप्प्यांत एकही रेघ नव्हती. शेऱ्यात फक्त "कांदा" असं लिहिलं होतं. बाईंनी चष्मा वर केला. मी सगळं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं, पण हसल्या नाहीत.

"त्या दिवशी पाणी?"

"वरूनच ओतलं," मी म्हटलं. "हातभर."

"आणि गवंड्याचं तोंड हुंगलं किती जवळून?"

मी तळहात तोंडासमोर धरला, वीतभर अंतरावर. बाईंनी मान हलवली.

"एवढ्या लांबून दारू आणि कांदा वेगळे कळत नाहीत. नीट आठव."

मी आठवलं, आणि तळहात नाकाला टेकेपर्यंत जवळ आणला.